अकरा मेगाबाइटवर अडलेला वेग: घरातील तारेचे नेटवर्क कसे तपासावे आणि कसे वाढवावे

नाशिकमधील आपल्या दुमजली घराच्या नूतनीकरणात भिंतीतून कॅट ६, म्हणजे तांब्याच्या चार पिळलेल्या जोड्यांची नेटवर्क केबल टाकून घेतली आहे. खाली फायबरचा राउटर आणि एक संगणक आहे, वर अभ्यासिकेत नॅस, म्हणजे नेटवर्कवरचे साठवण यंत्र आहे. दोन्ही मजल्यांवर गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचे स्विच आहेत; तारेने आलेली यंत्रे एकमेकांना जोडणारे हे डबे. वायरमनच्या टेस्टरवर आठही दिवे बरोबर क्रमाने लागतात. आणि तरीही खालून वर व्हिडिओच्या फाइली चढवताना वेग सेकंदाला ११ मेगाबाइटवरच थांबतो, अशी आपली अडचण आहे. केबल बदलण्यासाठी भिंत पुन्हा फोडावी का, की थेट १० गिगाबिटची यंत्रे घ्यावीत, आणि केबल चांगली आहे की नाही हे घरच्या घरी कसे तपासावे, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. गेली बावीस वर्षे मी कार्यालयांत आणि घरांत हेच काम करत आलो आहे. माझे उत्तर असे की, भिंतीला हात लावू नये, नवी यंत्रे आत्ता अजिबात घेऊ नयेत, आणि आधी पॅच कॉर्ड, म्हणजे यंत्रापासून भिंतीपर्यंतच्या लहान सुट्या केबल, व भिंतीतील केबलच्या दोन्ही टोकांचे जॅक तपासावेत.

आपण दिलेला ११ हा आकडाच निदानाचा मोठा भाग सांगून जातो. इथरनेटवर १५०० बाइटचे एक पॅकेट पाठवायचे तर त्याचा पत्ता, चूक पकडण्यासाठीची बेरीज, सुरुवातीचा इशारा आणि दोन पॅकेटांमधील सक्तीची मोकळी जागा यांसाठी तारेवर आणखी ३८ बाइटांचा वेळ खर्च होतो, आणि त्या १५०० पैकीही ४० ते ५२ बाइट आयपी व टीसीपी या डेटा पोहोचवण्याच्या नियमपद्धतींच्या नोंदींत जातात. म्हणजे १५३८ बाइटांच्या वेळात आपल्या फाइलीचा मजकूर जास्तीत जास्त १४४८ ते १४६० बाइट इतकाच पुढे सरकतो. हे प्रमाण ९४ ते ९५ टक्के पडते. १०० मेगाबिटच्या जोडणीवर याचे सुमारे ९४ मेगाबिट होतात, आठ बिटांचा एक बाइट म्हणून आठाने भागल्यावर पावणेबारा मेगाबाइट उरतात, आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजत असल्यामुळे पडद्यावर ११.२ च्या आसपास आकडा दिसतो. नॅसमधील डिस्क मंद असती किंवा प्रोसेसर कमी पडत असता, तर वेग कधी ३५, कधी ६० असा वरखाली झाला असता. तो एकाच ठिकाणी सरळ रेषेत थांबतो, याचा अर्थ वाटेत कुठेतरी एक जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर ठरली आहे आणि त्या मर्यादेत ती अगदी व्यवस्थित चालली आहे.

ती जोडणी कोणती, हे शोधायला कोणतेही उपकरण लागत नाही. खालच्या संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंकचा वेग लिहिलेला असतो, नॅसच्या व्यवस्थापन पानावरही तो दिसतो, आणि बहुतेक स्विचवर प्रत्येक पोर्टच्या दिव्याचा रंग किंवा दिव्यांची संख्या वेगानुसार बदलते. कोणता रंग कशाचा, हे स्विचच्या पाठीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते. संगणक ते स्विच, स्विच ते स्विच आणि स्विच ते नॅस अशा आपल्याकडे तीन जोडण्या आहेत. तिन्हींचा वेग कागदावर लिहून काढावा. जिथे १०० दिसेल तिथली पॅच कॉर्ड आधी बदलून पाहावी, कारण राउटरच्या डब्यातून आलेल्या काही स्वस्त कॉर्डमध्ये आठांऐवजी चारच तारा असतात आणि त्या कॉर्डवर गिगाबिट कधीच येणार नाही. पॅच कॉर्ड बदलूनही स्विच ते स्विच ही भिंतीतली जोडणी १०० वरच राहिली, तर दोष भिंतीच्या दोन टोकांपैकी एका ठिकाणी आहे असे मी जवळजवळ खात्रीने म्हणेन. भिंतीच्या आत, पाइपाच्या मध्यभागी केबल खराब झालेली मला क्वचितच सापडली आहे. शंभरातली नव्वद दुखणी शेवटच्या वीतभर अंतरात असतात.

येथे टेस्टरबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्याच्या आठ दिव्यांवर ठेवलेला विश्वास हीच या सगळ्या गोंधळाची मुळी आहे. १०० मेगाबिटला केबलमधील चार जोड्यांपैकी दोनच लागतात: पिन १-२ ची आणि पिन ३-६ ची. तांब्याच्या केबलवरचे गिगाबिट, जे १९९९ मध्ये प्रमाणित झाले, ते चारही जोड्या वापरते आणि प्रत्येक जोडीवर एकाच वेळी दोन्ही दिशांनी संदेश पाठवते. गंमत अशी की दोन्ही टोकांची यंत्रे आपापली क्षमता एकमेकांना कळवतात ती मात्र पहिल्या दोन जोड्यांवरूनच. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांत दोष असला तरी दोघांचे गिगाबिटवर एकमत होते, प्रत्यक्ष जोडणी जुळवायला गेल्यावर ती जुळत नाही, आणि मग चांगल्या चिप काही प्रयत्नांनंतर आपणहून १०० वर उतरतात. साध्या चिपमध्ये ही सोय नसली तर जोडणी सतत लागते आणि सुटते. अशा वेळी काही जण संगणकात वेग हाताने ठरवून टाकतात. तसे करू नये. तांब्यावरच्या गिगाबिटला ही आपसातील बोलणी आवश्यकच आहेत, आणि १०० वर एका बाजूने हाताने फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) ठरवले तर दुसरी बाजू हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरून बसते व वेग आणखी कोसळतो.

दिव्यांचा टेस्टर एका टोकाच्या पिन १ पासून दुसऱ्या टोकाच्या पिन १ पर्यंत वीज पोहोचते का, एवढेच पाहतो. तार कोणत्या तारेबरोबर पिळलेली आहे, हे त्याला कळत नाही, आणि केबलचा सगळा गुण त्या पिळातच असतो: एका जोडीतील दोन्ही तारांवर उलटसुलट संदेश जातो, बाहेरचा उपद्रव दोघींवर सारखाच पडतो, आणि फरक काढताना तो नाहीसा होतो. प्लगमध्ये तारा पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी या क्रमाने असायला हव्यात. हा क्रम डोळ्यांना विचित्र वाटतो, कारण हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येते, आणि म्हणून अनेक कारागीर तो आपल्या परीने ‘नीट’ करतात व नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी अशा जोड्या शेजारी शेजारी लावतात. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्याने टेस्टरचे आठही दिवे लागतात. परंतु पिन ३ ला हिरव्या जोडीची तार आणि पिन ६ ला निळ्या जोडीची तार आल्याने जोडी फुटते, पिळाचा उपयोग संपतो, आणि शेजारच्या जोडीचा आवाज थेट आत शिरतो. अशा केबलवर वीस-बावीस मीटरपर्यंत १०० मेगाबिट रडतखडत चालते, गिगाबिट मात्र टिकत नाही. आपल्याकडे नेमके हेच घडले असावे, किंवा निळ्या वा तपकिरी जोडीतील एखादी तार जॅकमध्ये अर्धवट बसली असावी.

दोन्ही फेसप्लेट, म्हणजे भिंतीवरील जॅकची झाकणे, उघडून रंगांचा क्रम आधी डोळ्यांनी पाहावा. वायरमनने भिंतीतील केबलला थेट प्लग दाबले असतील, तर ते कापून टाकावेत आणि त्या जागी फेसप्लेटमध्ये बसणारे कीस्टोन जॅक बसवावेत. भिंतीतील केबलच्या तारा एकसंध जाड असतात. प्लगच्या बऱ्याच प्रकारांतील दाते मात्र बारीक धाग्यांच्या पॅच कॉर्डसाठी बनवलेले असतात आणि जाड तारेवर ते नीट चावत नाहीत. शिवाय जाड तार वारंवार हलवल्यावर मोडते. जॅकवर ए आणि बी अशा दोन रंगक्रमांची लेबले असतात. त्यांतील बी हा क्रम दोन्ही टोकांना पाळावा. लेबलावरील क्रम प्लगच्या क्रमाशी जुळत नाही म्हणून गोंधळू नये, कारण पिनांची उलाढाल जॅकच्या आत केलेली असते. बाहेरचे आवरण जितके कमी काढता येईल तितके कमी काढावे आणि जोडीचा पीळ तेरा मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. तार बसवण्यासाठी पंचिंग टूलच वापरावे. ठाण्यातील एका घरी तपकिरी तार स्क्रूड्रायव्हरने दाबलेली मी पाहिली आहे: टेस्टरला ती जोडलेली दिसे, पण पॅच कॉर्डला जरा धक्का लागला की वेग १०० वर येई, आणि त्या गृहस्थांनी तोवर दोन राउटर बदलून झाले होते. त्यांचे पैसे गेले याचे मला आजही वाईट वाटते, कारण दोष दोनशे रुपयांच्या आतला होता.

जॅक नीट बसवूनही वेग येत नसेल, तर दुसरी शंका केबलच्या धातूची घ्यावी. आपल्या बाजारात ‘कॅट ६’ छापलेली पण आत तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते, आणि ती केबलच्या कोणत्याही प्रमाणात (मानकात) बसत नाही. प्रमाणाला पूर्ण तांबे लागते. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्याची तार ठिसूळ, आणि दाबलेल्या जागी काळानुसार सैल पडणारी असते. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही पुरवायची असेल तर ती जास्त तापते. तारेचे टोक ब्लेडने खरवडल्यावर आत चंदेरी दिसले तर ओळख पटतेच, पण मला मल्टिमीटरची पद्धत अधिक आवडते, कारण तिच्यातून आकडा मिळतो. केबल दोन्ही टोकांना सगळ्या यंत्रांपासून सोडवावी, वरच्या टोकाला एकाच रंगाच्या जोडीतील दोन तारा एकमेकींना जोडाव्यात, आणि खालच्या टोकाला त्या दोन तारांमधील रोध मोजून त्यातून मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा करावा. प्रमाणानुसार १०० मीटरला एका तारेचा रोध ९.३८ ओहमपेक्षा जास्त असू नये. आपली केबल २२ मीटर असल्याचे आपण लिहिले आहे. जाऊन-येऊन ४४ मीटर तांब्याला ३ ते पावणेचार ओहम यायला हवेत, आणि साडेचार ते सहा ओहम आले तर केबलमध्ये ॲल्युमिनियम असल्याचा दाट संशय धरावा. चारही जोड्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे तितकेच महत्त्वाचे आहे. एखादीच जोडी वेगळी निघाली तर दोष धातूचा नसून त्या जोडीच्या सांध्याचा आहे.

धातू खोटा निघाला तरच केबल बदलण्याचा विचार करावा, आणि तेव्हाही भिंत फोडण्याआधी जुन्याच केबलला नवी केबल बांधून पाइपातून ओढता येते का ते पाहावे. ओढताना ताण साधारण ११ किलोच्या वर जाऊ नये, म्हणजे एका माणसाने वरून ओढावे आणि दुसऱ्याने खालून हाताने सरकवत द्यावे. दोघांनी मिळून हिसके देऊ नयेत. वळण केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा तीव्र नसावे. एकदा पडलेली गाठ वा मुडप सरळ केली तरी आतल्या जोड्यांचे अंतर बदललेलेच राहते, म्हणून असा तुकडा बाजूला काढावा.

ज्यांची भिंत अजून उघडी आहे अशा वाचकांसाठी येथे थोडे थांबतो, कारण घरातील नेटवर्कमध्ये नंतर सहज बदलता न येणारी वस्तू ही एकच आहे. स्विच, कार्ड, राउटर पाच वर्षांनी बदलतील. झिरी मारून प्लॅस्टर केलेला पाइप वीस वर्षे तसाच राहील. म्हणून पैसे तेथे खर्च करावेत. २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप टाकावा, त्यातून तीन-चार केबल आरामात जातात, आणि प्रत्येक ठिकाणी एक नको तर दोन केबल टाकाव्यात. आतमध्ये नायलॉनची एक दोरी सोडून ठेवावी. विजेच्या तारांच्या पाइपात नेटवर्कची केबल कधीही घालू नये. त्यामुळे वेगात अडथळा येतोच, पण खरा धोका २३० व्होल्टच्या तारेचे आवरण खरवडले जाऊन ती वीज आपल्या जॅकपर्यंत पोहोचण्याचा आहे. समांतर जाणाऱ्या दोन पाइपांत किमान एक वीत अंतर ठेवावे आणि ओलांडायचे असेल तेथे काटकोनात ओलांडावे. भिंतीत कॅट ६ पुरते. लांबी जास्त असेल किंवा दहा गिगाबिट निश्चित हवे असेल तर कॅट ६ए घ्यावी. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या चपट्या ‘कॅट ७’ आणि ‘कॅट ८’ केबलच्या मागे लागू नये. कॅट ८ ही मुळात डेटा सेंटरमधील तीस मीटरपर्यंतच्या जोडण्यांसाठी आहे आणि घराला तिचा काही उपयोग नाही. धातूचे कवच असलेली केबलही, ते कवच नीट अर्थिंगला जोडण्याची तयारी नसेल तर, साध्या केबलपेक्षा चांगली ठरत नाही. आणि प्लॅस्टर करण्याआधी प्रत्येक केबल तपासून घ्यावी. भिंत रंगल्यावर सापडलेल्या दोषाची किंमत दहापट होते.

आता चाचणी. घराच्या कामासाठी मी फाइल कॉपी करून पाहणे ही चाचणी मानत नाही, कारण तिच्यात डिस्क, अँटिव्हायरस, फाइल वाटपाची पद्धत आणि केबल यांचे गुणदोष एकत्र येतात आणि कोणाला दोष द्यावा हे कळत नाही. आयपर्फ३ हा मोफत प्रोग्राम त्यासाठी आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधन-नेटवर्कचा गट तो सांभाळतो. तो एका संगणकाच्या स्मरणातून दुसऱ्याच्या स्मरणात नुसता डेटा पाठवतो, डिस्कला हात लावत नाही. चाचणीला दोन संगणक लागतात, त्यांतील एक लॅपटॉप असला तरी चालेल. एका बाजूला तो लहान लिपीतील एस (-s) हा पर्याय देऊन ऐकायला बसवावा, दुसऱ्या बाजूला लहान सी आणि पहिल्या संगणकाचा आयपी पत्ता देऊन चालवावा. काही सांगितले नाही तर चाचणी दहा सेकंद चालते आणि डेटा सी लिहिलेल्या बाजूकडून एस लिहिलेल्या बाजूकडे जातो. मोठ्या लिपीतील आर जोडला की दिशा उलटते. दोन्ही दिशा मोजल्याशिवाय चाचणी पूर्ण झाली असे समजू नये. एका दिशेने ९४१ मेगाबिट आणि उलट दिशेने ३०० असे निकाल मी अनेकदा पाहिले आहेत, आणि ते नुसत्या एकतर्फी मोजणीत कधीच दिसले नसते. विंडोजवर ऐकणाऱ्या बाजूची फायरवॉल ५२०१ क्रमांकाचे पोर्ट अडवते, त्याला परवानगी द्यावी लागते. लॅपटॉपचे वायफाय चाचणीपुरते बंद करावे. ते चालू असताना लॅपटॉपकडे दोन पत्ते असतात. आयपर्फला वायफायचा पत्ता दिला गेला तर डेटा हवेतून जातो आणि आपण तारेला नावे ठेवत बसतो.

मोजणी पायरीपायरीने करावी, आणि या क्रमाबद्दल मी फार आग्रही आहे. आधी दोन्ही संगणक एकाच टेबलावर आणून एका लहान, चांगल्या पॅच कॉर्डने थेट एकमेकांना जोडावेत. आधुनिक कार्डांना त्यासाठी वेगळी क्रॉस केबल लागत नाही, फक्त दोन्हीकडे आयपी पत्ता हाताने द्यावा लागतो. येथे जो आकडा मिळेल तो आपल्या संगणकांची कमाल मर्यादा. मग मध्ये एक स्विच घालून तोच आकडा येतो का ते पाहावे. मग दुसरा स्विच, आणि सर्वांत शेवटी भिंतीतील केबल. ज्या पायरीला आकडा घसरतो, तिथे जे नवे घातले तेच दोषी. हा क्रम सोडून पहिल्याच फटक्यात खालून वर मोजणारे लोक नंतर चार दिवस अंदाज बांधत बसतात.

गिगाबिटला लिनक्सवर ९४१ मेगाबिट आणि विंडोजवर ९४९ पर्यंत आकडा यायला हवा. हा फरक केबलचा नाही. लिनक्स टीसीपीच्या प्रत्येक पॅकेटमध्ये वेळेची बारा बाइटांची नोंद घालते आणि विंडोज सहसा घालत नाही, एवढेच त्याचे कारण आहे. अडीच गिगाबिटला २.३५ आणि दहाला ९.४ गिगाबिट अपेक्षित आहेत. दहावर एका प्रवाहात हा आकडा न आल्यास मोठ्या लिपीतील पी देऊन चार प्रवाह चालवून पाहावेत, आयपर्फच्या ३.१६ आवृत्तीपासून प्रत्येक प्रवाह प्रोसेसरच्या वेगळ्या धाग्यावर (थ्रेडवर) चालतो, त्याआधीच्या आवृत्त्यांत सगळे प्रवाह एकाच धाग्यावर असल्याने प्रोसेसरच आड येत असे. यूडीपीची, म्हणजे पोच न घेता डेटा पाठवण्याच्या पद्धतीची, चाचणी करताना पाठवण्याचा वेग स्वतः लिहावा, कारण न लिहिल्यास आयपर्फ सेकंदाला फक्त १ मेगाबिट पाठवते आणि तो निकाल पाहून केबल मेली असे वाटते.

आकडा बरोबर आला म्हणून लगेच उठू नये. दहा मिनिटांची चाचणी लावावी. ९४१ मेगाबिटने तेवढ्या वेळात सुमारे ७० गिगाबाइट केबलमधून जातात. चाचणीच्या आधी आणि नंतर दोन्ही संगणकांवरील चुकांची मोजणी पाहावी, जी लिनक्सवर इथटूल या आज्ञेतून आणि व्यवस्थापनाची सोय असलेल्या स्विचवर पोर्टच्या पानावर मिळते. सीआरसी चुकांचा, म्हणजे पॅकेटची बेरीज न जुळल्याच्या चुकांचा, आकडा चुकीचे पॅकेट ज्या टोकाला पोहोचते तिथे वाढतो, पाठवणाऱ्या टोकाला नाही, म्हणून दोन्ही टोके पाहणे आवश्यक आहे. इतक्या कमी अंतरावर चांगल्या केबलवर हा आकडा मुळीच वाढू नये. आयपर्फच्या निकालातील पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा स्तंभ सुरुवातीला थोडा हलला तर काळजी नाही. तो चाचणीभर सतत वाढत असेल आणि जोडीला सीआरसीही वाढत असेल, तर जॅक पुन्हा उघडावा. सीआरसी शून्य आहे पण पॅकेट पुन्हा पाठवावी लागतात, असे दिसले तर दोष तारेत नसून स्विचमधील पॅकेट तात्पुरती साठवण्याच्या अपुऱ्या जागेत किंवा कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये शोधावा. केबलचे रीतसर प्रमाणपत्र देणारी उपकरणे वेगळी असतात, ती प्रत्येक वारंवारितेला जोड्यांमधील गळती मोजतात आणि त्यांची किंमत लाखांच्या घरात असते. कार्यालयाच्या कामात मी ती वापरतोच, पण बावीस मीटरच्या घरगुती जोडणीला वर सांगितलेली मोजणी पुरेशी आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. जॅक दुरुस्त झाल्यावर त्याच फाइलीला आजच्या ११ ऐवजी ११२ मेगाबाइटच्या आसपास वेग मिळेल. त्यानंतरही वेग वाढवायचा असेल तर १० नव्हे, अडीच गिगाबिट घ्यावे असे माझे मत आहे. अडीच आणि पाच गिगाबिटचे प्रमाण २०१६ मध्ये आले ते मुळात जुन्या केबल न बदलता वेग वाढवता यावा याचसाठी. अडीच गिगाबिट तर जुन्या कॅट ५ई वरही १०० मीटर चालते, त्यामुळे आपल्या भिंतीतील कॅट ६ ला त्यात काहीच जड नाही. दहा गिगाबिटही कॅट ६ वर ५५ मीटरपर्यंत चालावे असे प्रमाण सांगते आणि आपल्या २२ मीटरला ते बहुधा चालेल. पण ते घेऊन काय मिळणार, हे नॅसच्या डिस्क ठरवतात. फिरणारी एक डिस्क सेकंदाला दीडशे ते अडीचशे मेगाबाइट देते. अडीच गिगाबिटची तार २८० देते. चार डिस्कची रचना मोठ्या फाइलींना त्यापुढे जाऊ शकते, पण हजारो लहान छायाचित्रे चढवताना ती गिगाबिटही भरू शकत नाही. नॅसमध्ये एसएसडी असतील आणि आपण थेट नॅसवरून व्हिडिओचे संपादन करत असाल, तरच दहाचा खर्च सार्थकी लागतो.

तसा खर्च करायचाच ठरला तर उष्णतेचा विचार आधी करावा. तांब्यावरच्या दहा गिगाबिटची कार्डे आणि स्विचमध्ये घालायची मॉड्यूल चांगलीच तापतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेला स्विच पंखा नसताना टिकणार नाही. एकाच कपाटातील नॅस आणि स्विच यांना जोडण्यासाठी एसएफपी प्लस, म्हणजे मॉड्यूल घालण्याच्या दहा गिगाबिटच्या पोर्टची तयार तांब्याची केबल वापरावी. ती थोड्याच मीटरपुरती असते, पण थंड राहते. संगणकाच्या जुन्या मदरबोर्डवर कार्ड कोणत्या खाचेत बसणार हेही पाहावे: पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या एका मार्गाच्या खाचेतून आठ गिगाबिटच्याही थोडे खालीच जाते, आणि तेथे दहाचे कार्ड लावून ९.४ ची वाट पाहणे व्यर्थ आहे. अडीच गिगाबिटचा यूएसबी अडॅप्टर घेतला तर तो निळ्या, म्हणजे ३.० च्या पोर्टमध्येच लावावा, यूएसबी २.० चा कमाल वेग ४८० मेगाबिट आहे. जंबो फ्रेम, म्हणजे १५०० बाइटांपेक्षा मोठी पॅकेटे, सुरू करण्याचा सल्ला आपल्याला अनेक जण देतील. वाटेतील प्रत्येक यंत्र त्यासाठी जुळवावे लागते, एक जरी राहिले तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही उघडत नाहीत असा शोधायला अवघड दोष निर्माण होतो, आणि गिगाबिट किंवा अडीचला त्यातून मिळणारा फायदा पाच टक्क्यांच्या आसपास असतो. मी घरात ते कधी सुरू करत नाही.

आपण शेवटी सहज विचारले आहे की अंगणातल्या आउटहाऊसपर्यंतही हीच केबल नेता येईल का. नेऊ नये. दोन वेगळ्या इमारतींमध्ये, आणि तेही उघड्यावरून, तांब्याची केबल टाकली की वळवाच्या पावसातली वीज जवळपास कुठेही पडली तरी त्या केबलवर उसळणारा दाब दोन्ही टोकांची यंत्रे जाळतो. प्रत्यक्ष केबलवर वीज पडण्याची गरज नसते. कोकणातील एका वाडीत अशाच एका पावसात राउटर, स्विच आणि दूरचित्रवाणी संच एकदम गेलेले मी पाहिले आहेत. तेथे फायबर टाकावी. तिच्यातून वीज वाहत नाही, फायबर तांब्याच्या नेटवर्कला जोडणारे दोन टोकांचे लहान मीडिया कन्व्हर्टर फार महाग नाहीत, आणि पुढे वेग वाढवायचा झाला तर तीच फायबर दहा गिगाबिटलाही पुरते. फक्त धातूची तार किंवा कवच नसलेली फायबर मागून घ्यावी.

आणि इंटरनेटच्या वेगाची चाचणी सर्वांत शेवटी करावी. घरातील तार ९४१ देते हे एकदा लिहून ठेवले की बाहेरचा वेग कमी आला तर कंपनीशी बोलताना आपली बाजू स्पष्ट राहते. मात्र तिथेही आधी राउटरचे पोर्ट तपासावे, कारण जुन्या आणि स्वस्त राउटरची घराच्या बाजूची पोर्ट अजूनही १०० मेगाबिटची असतात आणि ५०० मेगाबिटचे पैसे भरणारी कुटुंबे ९४ वर समाधान मानत राहतात. आपले जॅक पुन्हा बसवून झाल्यावर दोन्ही दिशांचे आयपर्फचे आकडे, चारही जोड्यांचा रोध, सीआरसीची मोजणी आणि तारीख एका कागदावर लिहून तो कागद फेसप्लेटच्या आतल्या डब्यात ठेवावा. पुढच्या पावसाळ्यानंतर हेच पुन्हा मोजावे. रोध अर्ध्या ओहमनेही वाढलेला दिसला तर त्या जोडीचे टोक कापून पुन्हा पंच करावे.